पर्जन्यवृक्ष पडला त्यानंतर: उपनगरातल्या एका गल्लीचं प्रकरण

गल्ली मुंबईच्या पश्चिम उपनगरातली, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तीन-चार मजल्यांच्या जुन्या सोसायट्या, त्यातल्या दोन पुनर्विकासात गेलेल्या. एका टोकाला वाणी आणि इस्त्रीवाला, दुसऱ्या टोकाला उडप्याचं हॉटेल. दोन्ही बाजूंना मिळून वीसेक मोठी झाडं: बहुतेक पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर, दोन गुलमोहर, एक थोराड बकुळ. सोसायट्या उभ्या राहिल्या त्याच सुमाराला लावलेली, म्हणजे वयानं पन्नाशीच्या आगेमागे.

जुलै २०२१ मधल्या एका दुपारी वाण्यासमोरचा पर्जन्यवृक्ष मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. वादळ नव्हतं, पाऊसही रिपरिपच. खाली उभ्या केलेल्या गाडीचा चेंदामेंदा झाला. माणूस कुणी सापडला नाही, हे नशीब. महापालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन गेला, अग्निशमन दलाची माणसं आली, करवती चालल्या, संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा. रात्री जेवणं आटपायच्या आत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठराव फिरायला लागला: उरलेली सगळी झाडं काढून टाका.

मी लँडस्केपचं काम करतो आणि याच गल्लीत राहतो. त्यामुळे ‘तुम्हीच सांगा आता’ म्हणत प्रकरण माझ्या गळ्यात पडलं आणि पुढचे तीन उन्हाळे तिथेच राहिलं. ते सविस्तर मांडतोय, कारण मुंबईतल्या कितीतरी गल्ल्यांत आज हाच क्रम चालू आहे: आधी रस्ता काँक्रीटचा होतो, मग झाड पडतं, मग उरलेल्या झाडांवर खटला भरला जातो.

झाड का पडलं

पडलेल्या झाडाची मुळं पाहायची तर करवत यायच्या आत पाहायची, नंतर सगळं ट्रकमध्ये जातं. बुंध्याखालचा गड्डा उभा राहिला होता. रस्त्याच्या बाजूला मुळं जवळजवळ नव्हतीच. मनगटाएवढी, एखाददुसरं मांडीएवढं, सगळी एका सरळ रेषेत कापलेली. कापाचा भाग काळा पडलेला. अंगठ्यानं दाबलं की लाकूड आत जायचं आणि पाणी सुटायचं. कुंपणाच्या भिंतीकडची मुळं मात्र ताजी तुटलेली, आतून पांढरी, ताणून चिरफाळलेली. म्हणजे रस्त्याच्या अंगाचा आधार कधीच गेला होता. झाड भिंतीकडच्या मुळांवर लटकून उभं होतं आणि त्या दुपारी तीही सुटली.

रस्त्याकडची मुळं केव्हा गेली, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दीडेक वर्षापूर्वी रस्ता काँक्रीटचा झाला होता. (२०२३ पासून हे काम शहरभर धडाक्यात सुरू झालं, आमचा नंबर आधीच लागला.) काँक्रीटचा रस्ता म्हणजे डांबरावर घातलेला नुसता एक थर नव्हे. खाली खडी, त्यावर सुक्या काँक्रीटचा थर, त्यावर मुख्य स्लॅब, एवढं बसवायचं तर दोन-अडीच फूट खोदावंच लागतं. शिवाय केबलवाल्यांनी पुन्हा रस्ता फोडू नये म्हणून कडेनं डक्ट टाकतात. हेतू चांगला. पण झाडं नेमकी कडेलाच असतात आणि जेसीबीच्या बकेटला मूळ आणि मुरूम सारखेच.

इथे एक समज आड येतो. झाडाची मुळं खोल जातात, वरचं थोडं खरवडलं तर काय बिघडतं, असं बहुतेकांना वाटतं, साइटवरच्या इंजिनियरलाही. प्रत्यक्षात झाडाचं अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, कारण हवा तिथपर्यंतच पोचते. ती आडवी पसरतात, जागा मिळाली तर फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. रस्त्याला जो थर खोदायचा असतो, झाड नेमकं त्याच थरात जगतं. बुंध्याला लागून चर मारला की आधार तर जातोच, शिवाय जखमेतून कुज शिरते. कुजीला घाई नसते. मूळ तुटण्यात आणि झाड पडण्यात वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर बिलं निघालेली असतात आणि कागदोपत्री कारण लागतं ते वाऱ्याचं.

वाऱ्याचाही हात होता, पण त्या दुपारच्या नव्हे. त्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. त्यात हे झाड टिकलं म्हणून सगळे निर्धास्त होते. ते टिकलं नव्हतं, गड्ड्यात सैल झालं होतं. जूनचा पाऊस मुरून माती मऊ झाली आणि बाकीचं काम झालं.

तिसरी गोष्ट छाटणीची. सोसायटीच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी ‘घरात उजेड येत नाही’ म्हणून उडवल्या जायच्या. पर्जन्यवृक्ष मुळात छत्रीसारखा चौफेर पसरणारा. एक बाजू सतत कापली की सगळा भार दुसऱ्या बाजूला, इथे रस्त्यावर. जिकडे मुळं नाहीत तिकडेच वजन. तळमजल्यावरच्या ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, “मग आम्ही दिवसा ट्यूबलाइट लावून बसायचं का?” प्रश्न रास्तच होता. उजेडासाठी फांदी काढता येते, पण ती बुंध्याशी जिथे जुळते तिथल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेरून, आधी खालून अर्धा काप देऊन, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. आणि दुसऱ्या बाजूचंही वजन तेवढंच हलकं करून. खुंट ठेवून आडवी तोडलेली फांदी कुजते. तिथून फुटणारे दाट धुमारे वरवर चिकटलेले असतात. पुढच्या चार-पाच वर्षांत तेच खाली येतात.

सगळी काढा

ठराव सात सोसायट्यांचा झाला. आमचे सेक्रेटरीकाका फाइल घेऊनच आले. “सगळ्यांच्या सह्या आहेत. आता कोण अडवतंय?”

कायदा अडवतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे, मग ते रस्त्यावरचं असो की सोसायटीच्या आवारातलं. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं, आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट येते. आमच्या वीस झाडांचा हिशेब केल्यावर काकांनी फाइल मिटली. एवढी झाडं लावायला गल्ली पुरली नसती.

पण भीती कायद्यानं जात नाही. रोज मुलांना घेऊन त्याच झाडांखालून जायचं असतं. म्हणून प्रत्येक झाड एकेक करून पाहायचं ठरलं. विभाग कार्यालयाकडून उद्यान खात्याचे सहायक आले, मी बरोबर होतो, मागे पाच-सहा रहिवासी. काय पाहिलं ते सांगतो, कारण हे कुणालाही पाहता येतं. झाड कललेलं असेल तर कलाच्या उलट बाजूला माती उचलली गेली आहे का, पेव्हर ब्लॉकमध्ये ताजी भेग आहे का? कल जुना असेल तर शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो, त्याची चिंता कमी. बुंध्याच्या तळाशी बुरशीचं कडक, फळीसारखं छत्र फुटलंय का? ते दिसतं तेव्हा आतलं लाकूड बरंचसं गेलेलं असतं. लाकडी हातोडीनं बुंधा ठोकला तर आवाज भरीव येतो की पोकळ? आणि पानं: एकाच बाजूची विरळ झाली असतील तर खाली त्याच बाजूची मुळं तपासायची.

दोन झाडं खरोखर धोकादायक निघाली. एका गुलमोहराच्या पायथ्याशी बुरशीची छत्रं, आत पोकळ. हॉटेलजवळचा एक सोनमोहर ताजा कललेला, मागची माती वीतभर उचललेली. दोन्हींसाठी रीतसर अर्ज गेला, बुंध्यावर नोटीस लागली, हरकती मागवल्या गेल्या, आणि ती तोडली गेली. त्यावर झाडांवर प्रेम करणाऱ्या काही मंडळींनी आम्हाला बरंच ऐकवलं. ऐकून घेतलं. पोकळ झाड वाचवण्याच्या हट्टापायी एखाद्याचा जीव गेला असता तर उरलेल्या सगळ्या झाडांची बाजू कायमची पडली असती.

एका पर्जन्यवृक्षावर पिठ्या ढेकूण होता. फांद्यांवर पांढरी पिठासारखी पुटं, खाली चिकटा, मुंगळ्यांच्या रांगा. २०१३ च्या सुमारास मुंबईत हे झाड एकामागून एक वाळायला लागलं, तेव्हा या किडीची बरीच चर्चा झाली. माझं मत असं की कीड सुदृढ झाडावरही येते, पण ती मारते ते तहानलेल्याला. त्या झाडाच्या बुंध्याला चारही बाजूंनी काँक्रीट टेकलेलं होतं. जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं पुटं धुतली, वाळक्या फांद्या काढल्या आणि खालचं काँक्रीट फोडलं. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याचं छत्र पुन्हा पूर्वीच्या अर्ध्यापर्यंत भरलं. अजून आहे.

आळं

काँक्रीट फोडणं हे या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत वादग्रस्त काम ठरलं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त हवी. तेच माप आम्ही धरलं. फूटपाथ जेमतेम पाच फुटांचा, त्यामुळे चौकोनाऐवजी रस्त्याला समांतर लांबट आळं काढलं. ब्रेकर मशीन लावू दिलं नाही. छिन्नी-हातोड्यानं कड सोडवायची आणि पहारीनं तुकडा उचलायचा. मजूर वैतागले, पण मशीनच्या हादऱ्यानं उरलीसुरली मुळंही गेली असती.

वाणी म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईक उभं कुठे राहणार? आणि लोक यात थुंकणारच.” थुंकले. प्लास्टिकचे कप टाकले, पूजेची फुलं टाकली, एका रात्री कुणीतरी बाथरूमच्या फोडलेल्या लाद्यांची पोती ओतली. आळं उघडं दिसलं की ते कचराकुंडी होतं, हा मुंबईचा नियमच समजा. उपाय इस्त्रीवाल्याच्या बायकोनं काढला: तिच्यासमोरच्या आळ्यात तिनं तुळस आणि सदाफुली लावली. तुळशीत कुणी थुंकत नाही. बाकीच्या आळ्यांत मग तेच झालं.

एका पुढाऱ्यानं झाडांभोवती कट्टे बांधून द्यायची तयारी दाखवली, टाइल्स लावून, नावाच्या पाटीसकट. ज्येष्ठ नागरिक खूश. त्यांना नाराज करावं लागलं. कट्टा बांधला की आत भराव येतो आणि बुंध्याची साल दोन फूट मातीखाली जाते. सालीला हवा लागते. पुरली की ती कुजते, वरून काही वर्षं कळतही नाही. शेवटी झाडांपासून दूर, सोसायटीच्या भिंतीलगत दोन बाक आले. पाटी तिथे लागली.

नवी झाडं

रिकाम्या जागा तीन झाडांच्या, आणि पूर्वीच कधीतरी मोकळ्या झालेल्या काही. कोणतं झाड लावायचं यावर सभा झाली आणि ती लांबली. निम्म्यांना गुलमोहर हवा होता, मे महिन्यात लाल दिसतो म्हणून. मादागास्करहून आलेलं हे झाड सुंदर आहे यात वाद नाही, पण मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि आमच्याकडे जूनमध्ये काय होतं ते आम्ही पाहत आलोय. काहींना उंच सरळ वाढणारा अशोक हवा होता, ‘जागा कमी लागते’ म्हणून. सावलीही तेवढीच कमी पडते. एका आजोबांनी पिंपळ सुचवला. फूटपाथवर पिंपळ म्हणजे तीस वर्षांनी गटार, भिंत आणि पिंपळ यांची मारामारी, आणि त्याला हात लावायला कुणी तयार होत नाही.

मी दादर पारशी कॉलनीचं उदाहरण दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंचेरजी जोशी यांनी ती वसाहत आखली तेव्हा गल्लीगणिक वेगळं झाड ठरवून लावलं होतं. एका रस्त्याला एक जात म्हटलं की सौंदर्य येतं हे खरं, पण एकाच जातीच्या झाडांवर एकच कीड आल्यावर काय होतं तेही मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांवर दिसलं होतं. मग मिश्रण ठरलं. रुंद बाजूला ताम्हण आणि करंज, अरुंद बाजूला बहावा आणि बकुळ. ताम्हण हे राज्यपुष्प, आणि पाय ओले राहिलेले त्याला चालतात, हा मुंबईत मोठा गुण. करंज सावलीला दाट आणि चिवट. पानांवर गाठी येतात, त्यानं बिघडत नाही. बकुळ सावकाश वाढतो, पण आमचा जुना बकुळ सगळ्या वादळांत हलला नव्हता.

खड्डा तीन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल, हे कागदावर. प्रत्यक्षात पहिल्या फुटात डेब्रिज, मग विटांचे तुकडे, मग एक वापरात नसलेली केबल, मग एक वापरात असलेली. एका जागी गॅसची पिवळी पाइप लागली आणि ती जागा सोडावीच लागली. फूटपाथवर परवानगीशिवाय खणता येत नाही, त्यामागे हेही कारण आहे. जिथे खोली मिळेना तिथे खड्डा लांबट केला. मुळांना तसंही आडवंच जायचं असतं. निघालेलं डेब्रिज पुन्हा आत ढकलायची मजुरांची सवय मोडणं हे अर्धं काम. लाल माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड, एवढंच घातलं.

नर्सरीतली रोपं आठ-दहा फुटांची घेतली. पिशवी कापल्यावर दोन रोपांची मुळं आत गोल गोल फिरून दोरखंड झालेली निघाली. अशी मुळं तशीच पुरली तर झाड वाढतं, पण पुढे ती त्याच्याच बुंध्याला आवळतात. ती दोन रोपं परत पाठवली. नर्सरीवाल्याला याचं फार आश्चर्य वाटलं. आजवर त्याच्याकडे कुणी मूळ बघून रोप परत केलं नव्हतं म्हणे.

पाणी

मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने काही नाही. रस्त्याकडेचं नवं झाड जुलैत बुडतं आणि एप्रिलमध्ये वाळतं. वृक्षारोपणाचे फोटो मात्र ५ जूनचे, पर्यावरण दिनाचे. पाऊस मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे फोटो काढून झाल्यावर रोपाला आठवडाभर उन्हात उभं करायचं. आम्ही पाऊस नीट लागल्यावर लावली आणि खरी चर्चा केली ती ऑक्टोबरची.

पाणी कोण घालणार? ‘सगळे मिळून’ हे उत्तर सभेत लगेच आलं आणि मी ते बाजूला ठेवायला सांगितलं. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं. ज्या सोसायटीसमोर झाड, त्या सोसायटीच्या वॉचमनकडे ते झाड; महिन्याला पगाराव्यतिरिक्त ठरलेली रक्कम, सोसायटीच्या मासिक खर्चात वेगळी ओळ घालून. एक दिवसाआड एक बादली, एकदम न ओतता मुळाशेजारी पुरलेल्या भोकं पाडलेल्या पाइपातून, म्हणजे पाणी फूटपाथवरून वाहून जात नाही आणि मुळं वर यायला शिकत नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. तिसऱ्यात फक्त एप्रिल-मे. तीन उन्हाळ्यांचं पाणी झाड, खड्डा, माती आणि झाडाभोवतीची लोखंडी जाळी यांच्या एकूण खर्चापेक्षा महाग पडलं. देणगीदार मात्र जाळीलाच मिळतात, कारण जाळीवर नाव रंगवता येतं.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी पाणीकपात लागली तेव्हा झाडांचं पाणी सर्वांत आधी बंद करायचा सूर निघाला. एसीचं ठिबकणारं पाणी ड्रमात धरून तो महिना निभावला. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही द्या, असं अनेकांनी सुचवलं. त्यात क्षार जास्त असतात, रोज घातलं तर लहान झाडाला ते बाधतं, म्हणून ते गाड्या धुवायला ठेवलं.

गेली ती झाडं पाण्याअभावी गेली नाहीत. हॉटेलसमोरचा बहावा फिनेलच्या पाण्यानं गेला. रात्री फरशी धुऊन पोरं बादली त्याच्याच आळ्यात ओतायची. मालकाला भेटलो. त्यानं कान धरले, दुसरं झाड स्वतःच्या पैशानं लावलं आणि मोरीचा उतार बदलून घेतला. एक करंज रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोनं मोडला. आणि एका ताम्हणाच्या बुंध्यात जाळीची आडवी पट्टी रुतली, कारण जाळी बसवणारे असतात, काढणारा कुणी नसतो. ते वेळेत दिसलं, पट्टी कापली, खूण राहिली आहे. आता दर दिवाळीच्या आधी सगळ्या जाळ्या आणि सुतळ्या सैल करायच्या असं वॉचमनच्या कामांच्या यादीत लिहून टाकलंय. त्याच यादीत खिळे आणि दिव्यांच्या माळा उतरवणंही आहे.

सेक्रेटरीकाकांच्या फाइलमध्ये हल्ली झाडांचा वेगळा कप्पा असतो: प्रत्येक मोठ्या झाडाचा मे महिन्यातला फोटो, चारही बाजूंनी, म्हणजे कल वाढला तर कळेल. गेल्या वर्षी नवी इंटरनेट केबल टाकायला माणसं आली तेव्हा तोच कप्पा घेऊन काका खाली उतरले आणि चर बुंध्यापासून लांबून, झाडाजवळ हातानं खणून घेतला. “जेसीबी आणलात तर मी यात बसतो,” असं ते खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले. ठरावाची फाइल घेऊन आलेले ते हेच काका.

सध्या अडलंय ते पुनर्विकासातल्या एका इमारतीपाशी. नव्या नकाशात पार्किंगचा रॅम्प बरोबर तिसऱ्या ताम्हणावर येतो. बिल्डर म्हणतो, पुनर्रोपण करून देतो. तीन वर्षांचं झाड हलवताना मुळं पुन्हा तुटणार, शिवाय न्यायचं कुठे, हे त्यानं सांगितलेलं नाही. आम्ही गेट सहा फूट सरकवायचा नकाशा काढून दिलाय. आर्किटेक्टला तो जमण्यासारखा वाटतो. परवानगीचा अर्ज उद्यान खात्याकडे आहे, आणि हरकतीचं पत्र सात सोसायट्यांच्या सह्यांनिशी गेलंय.